दोघांनीच शिडाची बोट : लेफकाडा, इथाका, केफालोनिया

गलबत

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनियन समुद्रात, लेफकाडा, इथाका, केफालोनिया या बेटांभोवती आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेऊन फिरण्याबद्दल आपल्या या मंचावर वरचेवर विचारणा होते. लंडन, फ्रँकफुर्ट, दुबईकडची मराठी जोडपी जातात, आता पुण्या-मुंबईहूनही जायला लागली आहेत. बहुतेकांचे प्रश्न शिडांबद्दल असतात. माझं म्हणणं असं, की दोघंच असताना शिडं हा सोपा भाग आहे. अवघड असतं ते थांबणं, म्हणजे दुपारच्या वाऱ्यात, अनोळखी धक्क्यावर, चार हातांत बोट बांधणं. म्हणून या धाग्यात नांगर, दोर आणि वेळ यांवरच बोलू.

आधी वारा. उन्हाळ्यात इथे वायव्येकडून मैस्ट्रो वाहतो. सकाळी समुद्र जवळजवळ काच असतो. साडेबारा-एकला वारा जागा होतो, चार ते सहाच्या दरम्यान ब्यूफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर ४ ते ५ होतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. जमीन तापली की समुद्रावरून वारा येतो, हे खाऱ्या वाऱ्याचं गणित कोकणात सगळ्यांना माहीत आहे. इथे त्यात ऋतूचा वायव्य वारा मिसळतो, म्हणून जोर जास्त. डोंगराळ बेटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत तो आणखी वाढतो. इथाका आणि केफालोनिया यांच्यामधली सामुद्रधुनी, लेफकाडाचं दक्षिण टोक आणि वासिलिकीचा उपसागर या तीन जागा लक्षात ठेवा. वासिलिकीला जगभरचे विंडसर्फर जमतात ते उगाच नाही.

यातून आखणी आपोआप निघते. दक्षिणेकडे जाताना वारा बाजूने किंवा मागून मिळतो, ते दुपारी शिडावर करा. उत्तरेकडे परतताना वारा तोंडावर येतो. ते अंतर सकाळी सातला निघून इंजिनवर कापा.

अंतरं कमी आहेत. लेफकाडाचं सिवोटा ते केफालोनियाचं फिस्कार्डो सुमारे ११ सागरी मैल, फिस्कार्डो ते त्याच बेटावरचं आया एफिमिया साधारण १०, इथाकाचं किओनी ते इथाकाचंच वाथी ५ ते ६. ५ नॉटने, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांनी, एक ते अडीच तासांचं काम. एवढ्या छोट्या अंतरासाठी अकराला निघून तीनला पोचायचं आणि उरलेली एकच जागा आडव्या वाऱ्यात घ्यायची, याला अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फिस्कार्डो आणि किओनीचे धक्के दुपारी एकच्या आतच भरतात.

बोट ३२ ते ३६ फुटांची घ्या. ४० फुटी भाड्यात फारशी महाग वाटली नाही, तरी तिच्या कडेला वारा लागल्यावर ती दोन माणसांच्या हाताने धक्क्यापासून लांब धरता येत नाही.

मीठागर

उत्तम सुरुवात. कागदपत्रांचं आधी सांगते, कारण तिकीट काढल्यावर हा प्रश्न विचारणारे दरवर्षी भेटतात. ग्रीसमध्ये बेअरबोट, म्हणजे कप्तानाशिवाय बोट घ्यायची तर एकाकडे मान्य प्रमाणपत्र लागतं (आयसीसी हे आंतरराष्ट्रीय बोटचालक प्रमाणपत्र, आरवायए या ब्रिटिश संस्थेचं डे स्किपर किंवा त्या तोडीचं) आणि दुसऱ्याला बोटीवर काम करता येतं असं लेखी द्यावं लागतं. दोघंच असाल तर ही दुसरी व्यक्ती म्हणजे तुमचा जोडीदारच. ती सही नुसती कागदापुरती नको. तिला किंवा त्याला इंजिन सुरू-बंद करणं, बोट वाऱ्यात उभी करणं आणि व्हीएचएफ रेडिओवर मेडे (जीवघेण्या संकटाची हाक) देणं आलंच पाहिजे.

भारतातलं प्रमाणपत्र असेल तर बुकिंगच्या आधी त्याची प्रत कंपनीला पाठवून लेखी होकार घ्या. तोंडी "चालेल" वर जाऊ नका.

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा मागतात, तिथे बोटीचा करार आणि आधी-नंतरच्या रात्रीचं हॉटेल जोडायचं. विमानतळ प्रेवेझाजवळचा आक्टिओ. तिथून लेफकाडाला रस्त्याने जाता येतं, कारण बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये फक्त कालवा आहे आणि त्यावर उघडणारा पूल आहे. मरिना पुलाच्या दक्षिणेला असल्याने तिथून खाली जाणाऱ्यांना पुलाची वाट पाहावी लागत नाही. बोट प्रेवेझाहून घेतली असेल तर मात्र उत्तरेकडून यावं लागतं. दिवसा पूल साधारण दर तासाच्या ठोक्याला उघडतो. दहा मिनिटं आधी पोचा आणि कालव्यात बोयांच्या (तरंगत्या खुणांच्या) मधूनच चला. बोयांच्या बाहेर पाणी उथळ आहे.

वाराफिरला

पिछाडी धक्क्याला लावून बांधण्याची पद्धत दोघांसाठी पायरीपायरीने कोणी लिहील का? पुस्तकांत नेहमी चार जण दिसतात. एक सुकाणूवर, एक नांगरावर, दोघं दोरांवर.

गलबत

लिहितो. दोघांत एक सुकाणूवर आणि दुसरा आधी नांगरावर, मग पिछाडीला. या दोन कामांमध्ये त्याला बोटीच्या पूर्ण लांबीभर चालावं लागतं. सगळी पद्धत त्या चालण्याभोवती बसवायची.

बंदराबाहेर, मोकळ्या पाण्यातच तयारी संपवा. दोन्ही बाजूंना तीन-तीन फेंडर (धक्का शोषणाऱ्या फुगीर गाद्या), पिछाडीला एक मोठा गोल फेंडर. मागचे दोन्ही दोर क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) बांधून, कठड्याच्या बाहेरून फिरवून परत आत, वेटोळं करून हाताशी. डिंगी (छोटी होडी) मागे ओढत असाल तर ती पुढे नेऊन बांधा. मागे जाताना तिचा दोर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जातो, आणि नेमका सगळ्या बंदरासमोर जातो. नांगराची पिन काढा, विंडलास (नांगराची साखळी सोडणारं-ओढणारं यंत्र) एकदा खालीवर करून बघा. खोलीचं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की कीलपासून (बोटीच्या तळाखाली गेलेल्या पात्यापासून), हे बोट ताब्यात घेतानाच विचारून ठेवा. कील १.८ मीटर असेल तर हा फरक जीवावरचा आहे.

मग आत जाऊन जागा बघा. तुमच्या जागेच्या शेजारच्या बोटींच्या साखळ्या कोणत्या दिशेने गेल्यात ते पाहा. त्यांना समांतर जायचं.

धक्क्यापासून ५०-६० मीटरवर बोट थांबवा, पिछाडी धक्क्याकडे. रिव्हर्समध्ये पंखा पिछाडीला एका बाजूला ओढतो. उजव्या फिरकीच्या पंख्याची पिछाडी बहुधा डावीकडे जाते. ते आधी मोकळ्या जागेत तपासून ठेवा. मागे जाताना दीड-दोन नॉट वेग येईपर्यंत सुकाणू ऐकतच नाही, म्हणून लांबून सुरुवात करायची. सुकाणूवरच्याने चाकाच्या पुढच्या बाजूला, तोंड पिछाडीकडे करून उभं राहावं. म्हणजे बोट पुढे चालवल्यासारखीच वाटते.

बोटीच्या तीन ते चार लांबी अंतरावर नांगर सोडा. १० मीटरच्या बोटीला धक्क्यापासून ३० ते ४० मीटर. साखळी सलग सुटत राहिली पाहिजे. इथे बहुतेकांचं चुकतं: बोट मागे जाते, साखळी अडते, पुढचं टोक ओढलं जाऊन बोट आडवी होते. विंडलासची गती कमी असेल तर सुकाणूवरच्याने वेग कमी करावा.

धक्क्यापासून साधारण एक लांबी उरली की नांगरावरचा माणूस साखळी थांबवतो. त्या हलक्या ताणाने बोटीचं तोंड सरळ होतं आणि नांगर रुतायला लागतो. मग थोडी साखळी सैल देऊन तो चालत मागे येतो. धावायचं नाही. वाऱ्याकडचा दोर आधी धक्क्यावर जातो, कडीतून घालून परत बोटीवर. तो बांधला की इंजिन हलकं पुढच्या गिअरमध्ये, साधारण मिनिटाला १००० फेऱ्यांवर. आता बोट दोर आणि पंखा यांच्या ताणात स्थिर उभी राहते. दुसरा दोर सावकाश. मग पुढे जाऊन साखळी घट्ट करा. पिछाडी धक्क्यापासून दीड-दोन मीटर लांब ठेवा, फेरीबोटीच्या लाटेने बोट मागे येते. उतरायची फळी सगळ्यात शेवटी.

साखळी ओढताना ती ताठ न होता येतच राहिली तर नांगर धरलेला नाही. तेव्हाच दोर सोडून पुन्हा करा. रात्री दोनला करण्यापेक्षा संध्याकाळी पाचला केलेलं बरं.

दर्यासफर

गलबत यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद. विंडलासच्या मोटरने साखळी सोडण्यापेक्षा क्लच सैल करून वजनावर सोडावी. मोटर हळू असते, आणि दोघंच असताना वेग कमी केला की आडवा वारा बोट घेऊन जातो. ८ मिमीची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो, स्वतःच्या वजनाने छान धावते. विंडलासचं हँडल घालून क्लच ब्रेकसारखा वापरायचा. हात आणि पाय साखळीपासून लांब, अनवाणी तर कधीच नाही.

दुसरं, प्रत्येक वेळी पिछाडीच धक्क्याला लावायची असं कुठे आहे? छोट्या गावांच्या धक्क्यांच्या पायथ्याशी दगडांचा भराव असतो आणि सुकाणूचं पातं नेमकं तिथे येतं. मागे हलका नांगर आणि दोर असेल तर पुढचं टोक धक्क्याला लावा. बोट पुढे जाताना सुकाणू लगेच ऐकतं, नांगर सुकाणूवरच्याच्या शेजारीच असतो आणि दुसरा माणूस पूर्ण वेळ पुढे उभा राहू शकतो. चालण्याचा प्रश्नच मिटतो. गैरसोय एवढीच की उतरताना पुढच्या कठड्यावरून उतरावं लागतं.

गलबत

पुढचं टोक लावण्याबद्दल सहमत. ३४ फुटांपर्यंत ती पद्धत दोघांसाठी चांगलीच. मात्र भाड्याच्या बऱ्याच बोटींवर मागचा नांगर १०-१२ किलोचा आणि साखळी जेमतेम ५-६ मीटर असते. आया एफिमियाला संध्याकाळी डोंगरावरून झोत येतात, तिथे रात्रभर त्यावर विसंबू नका. क्लचबद्दल, बोट ताब्यात घेतानाच करून बघितला तर हो. भाड्याच्या बोटीचा क्लच कधीकधी मिठाने चिकटलेला असतो आणि ते नेमकं धक्क्यासमोर कळतं.

लाटालाटा

किओनी आणि फिस्कार्डोत बऱ्याच बोटी खडकांना लांब दोर बांधून उभ्या असतात. ते दोघांना जमतं का?

मीठागर

जमतं, आणि गर्दीत धक्क्यापेक्षा शांत झोप मिळते. फिस्कार्डोच्या उत्तर बाजूला याच पद्धतीने बोटी थांबतात. ४०-५० मीटरचा तरंगणारा पॉलिप्रोपिलीन दोर हवा. बुडणारा दोर पंख्यात जातो. असा दोर बोटीवर आहे का हे यादीत बघा, नसेल तर लेफकाडा गावात बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

८ ते १२ मीटर खोलीत नांगर टाकून मागे या. वाऱ्याकडच्या खडकाचा दोर आधी. एक जण सुकाणूवर राहून बोट गिअरने जागेवर धरतो, दुसरा डिंगीतून दोर नेतो. दोर बोटीवर वेटोळ्यात ठेवून डिंगीतून ओढत नेऊ नका, भिजलेला दोर जड होतो आणि वल्ही मारता येत नाहीत. उलट करा, वेटोळं डिंगीत ठेवा आणि जाताजाता सोडत जा. वारा जरा जास्त असेल तर पोहून नेणं लवकर होतं, पण पायात जाड तळाचे बूट हवेत. खडकांवर समुद्री साळिंदरं असतात.

झाडाला बांधू नका. साल सोलली जाते आणि दोर घासतो. खडकाला बांधताना घासणाऱ्या जागी जुन्या पाइपचा तुकडा किंवा छोटी साखळी घाला. दोरावर दिसेल असं काही पांढरं अडकवा, नाहीतर अंधारात दुसऱ्याची डिंगी त्यात येते.

दर्यासफर

नांगर कुठे टाकता तेही महत्त्वाचं. तळाशी गडद हिरवे पट्टे दिसतात ते पोसिडोनिया, समुद्रगवत. त्यात नांगर वरच्यावर तरंगतो, धरल्यासारखा वाटतो आणि पहिल्या झोताला सुटतो. शिवाय ते गवत युरोपीय कायद्याने संरक्षित आहे, आणि उपटलेलं परत भरून यायला पिढ्या लागतात. फिकट निळसर-हिरवा वाळूचा तुकडा शोधून तिथेच टाका. सूर्य डोक्यावर असताना हे दिसतं, संध्याकाळी पाण्यावर नुसती चमक दिसते. लवकर पोचण्याचा हा आणखी एक फायदा.

साखळीचं प्रमाण: खोली ८ मीटर, पाण्यापासून पुढच्या टोकाची उंची १ मीटर, एकूण ९. वारा नसताना चौपट म्हणजे ३६ मीटर, वारा असेल तर पाचपट ४५. बोटीवर साखळी ५० मीटर असेल तर वाऱ्यात ९ मीटरपेक्षा खोल नांगरणं म्हणजे सगळी साखळी संपवणं. इथे भरती-ओहोटी नगण्य, वीत-दीड वीत, त्यामुळे कोकणासारखा त्याचा हिशोब लागत नाही. नांगर टाकल्यावर इंजिन सावकाश १५०० ते २००० फेऱ्यांवर रिव्हर्स नेऊन किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. रेषा हलली तर नांगर घसरतोय. त्यानंतर पोहायचा चष्मा घालून नांगर प्रत्यक्ष बघा. पाणी इतकं स्वच्छ असताना अंदाजावर का झोपायचं?

वाराफिरला

सकाळी नांगर काढताना दुसऱ्याची साखळी अडकून आली तर?

गलबत

गर्दीच्या बंदरात हे रोजचं आहे, घाबरू नका. विंडलासने जोर लावून ओढू नका, आधी ब्रेकर उडतो, मग मोटर जळते. (ब्रेकर कुठे आहे ते आधी विचारून ठेवा, बहुधा मागच्या केबिनमध्ये किंवा इंजिनजवळ.) परकी साखळी पाण्याच्या वर येईल इतकंच उचला. एक दोर तिच्याखालून घालून दोन्ही टोकं पुढच्या क्लीटला बांधा. आता तिचं वजन त्या दोरावर आहे. आपला नांगर मीटर-दीड मीटर खाली सोडा, तो आपोआप सुटतो किंवा बोटहुकने (लांब दांड्याच्या आकड्याने) फिरवून सुटतो. मग हलकं मागे सरकून नांगर मोकळा असल्याची खात्री करा, दोराचं एक टोक सोडा, साखळी खाली जाते. सगळा वेळ सुकाणूवरच्याने बोट जागेवर धरायची. खुणा हातांनी करा: हाताचं बोट वर म्हणजे साखळी घे, खाली म्हणजे सोड, मूठ म्हणजे थांब. बारा मीटर अंतरावरून वाऱ्यात ओरडून काही कळत नाही, उगाच दोघांचा दिवस खराब होतो.

लाटालाटा

शिडांबद्दल निदान थोडं तरी सांगा.

दर्यासफर

दोनच गोष्टी. मागून वारा असताना फसगत होते. खरा वारा २० नॉट, बोट ६ नॉट, म्हणजे अंगावर १४च जाणवतात. सगळं निवांत वाटतं. त्याच क्षणी वाऱ्यावर वळायची वेळ आली की अंगावर २४-२५ येतात. म्हणून खरा वारा १५-१६ झाला की मोठ्या शिडाचा पहिला रीफ (शीड लहान करणं), आणि जेनोआ (पुढचं शीड) सात-आठ वेढे गुंडाळून. दोघांनी रीफ लवकर घ्यावा, कारण एक जण सुकाणूवर असल्यावर शिडावर दोनच हात उरतात. इथाकाच्या सामुद्रधुनीत शिरण्याआधीच घ्या, आत गेल्यावर नाही.

दुसरं, जेनोआ गुंडाळताना शीटवर (शीड ओढायच्या दोरावर) थोडा ताण ठेवा. सैल सोडली तर वरच्या बाजूला सैल वेढे पडतात आणि रात्रीच्या झोतात तोच भाग फडफडून उघडतो. गुंडाळायचा दोर हाताने येत नसेल तर विंचवर (दोर ओढायच्या चाकावर) घेऊ नका. वर बघा, बहुधा हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) अडकलेलं असतं. मास्टमध्ये (डोलकाठीत) गुंडाळणारं मोठं शीड असेल तर बाहेर ओढणाऱ्या दोरावर हलका ताण ठेवूनच आत घ्या, नाहीतर सुरकुती खाचेत अडकते.

मीठागर

सुरक्षेचं राहिलं. दोघांपैकी एक पाण्यात पडला तर बोटीवर एकच उरतो, शीड, सुकाणू, रेडिओ सगळं त्याच एकावर. म्हणून पडायचंच नाही. ५ ब्यूफोर्टच्या वर, रात्री, किंवा एक जण खाली झोपलेला असताना हार्नेसचा पट्टा अडकवलेला हवा. तरी पडलाच तर: प्लॉटरवर (नकाशाच्या यंत्रावर) एमओबीचं, म्हणजे माणूस पडल्याची जागा नोंदवणारं बटण, रिंग फेका, आणि जेनोआची शीट न सोडता लगेच बोट वाऱ्यातून वळवा. पुढचं शीड उलटं भरतं आणि बोट जवळपास थांबते. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात दोर लोंबत नाहीत हे बघा. व्हीएचएफवर १६ नंबरचा चॅनल, किंवा डीएससीचं, म्हणजे आपोआप संकटसंदेश पाठवणारं लाल बटण झाकण उघडून पाच सेकंद दाबून धरा. ग्रीक तटरक्षक दलाचा फोन १०८.

मागची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येते का, हे पहिल्याच दिवशी पोहताना करून पाहा. बऱ्याच बोटींवर ती वर बांधलेली असते.

हवामानासाठी ग्रीक हवामान खात्याचा समुद्री अंदाज रोज बघा, त्यात उत्तर आयोनियन आणि दक्षिण आयोनियन वेगळे असतात. सप्टेंबरच्या मध्यापासून गडगडाटी वादळं आणि दक्षिणेकडचे वारे येतात. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस हे चक्रीवादळासारखं वादळ याच बेटांवर आदळलं. सप्टेंबर २०११ मध्ये लेफकाडाच्या व्लिहो उपसागरात, जिथे चिखलात नांगर उत्तम धरतो आणि चारी बाजूंना जमीन आहे, तिथेही अचानक आलेल्या झंझावाताने बोटी लोळवल्या. अंदाजात वीज-गडगडाट असेल तर लांब दोरांवर राहू नका, बाजूने वारा आला की नांगर तिरका ओढला जातो. मोकळ्या चिखलात, भरपूर साखळीवर, फिरायला जागा ठेवून थांबा.

लाटालाटा

पाणी, वीज, स्वयंपाक?

मीठागर

३४ फुटी बोटीत पाण्याची टाकी साधारण २०० ते ३०० लिटर. दोघांना दिवसाला ३०-४० लिटर धरा, भांडी समुद्राच्या पाण्यात विसळून शेवटी गोड्या पाण्याचा हात. पिण्याचं बाटल्यांत वेगळं. फ्रिज दिवसाला ४०-५० अँपिअर-तास खातो. बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली गेली की निम्मी संपली समजा. सकाळी दोन तास इंजिनवर अंतर कापलं तर ती भरते, डिझेल तासाला अडीच-तीन लिटर.

तीन लिटरचा छोटा कुकर घरून न्या. गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं, झाकण घट्ट असल्याने लाट आली तरी खिचडी सांडत नाही. शिट्टी फक्त नांगरावर असताना, चालत्या बोटीत नाही. शेगडी झुलती ठेवा, भांड्याला क्लँप लावा, आणि स्वयंपाक झाला की व्हॉल्व्ह सिलिंडरपाशीच बंद करा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाच्या बिल्जमध्ये साठतो.

संडासात कागद टाकायचा नाही, डब्यात. टाकी किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात रिकामी करायची, खाडीत कधीही नाही.

वाराफिरला

शेवटचा प्रश्न. पहिल्या खेपेला शनिवार ते शनिवार मार्ग कसा ठेवावा?

गलबत

शनिवारी संध्याकाळी ताबा मिळतो, त्या रात्री हलू नका. रविवारी मेगानिसी बेटाचं स्पार्तोहोरी, तिथे टॅव्हर्नाच्या (खानावळीच्या) धक्क्यावर तळाला बांधलेले तयार दोर मिळतात आणि माणूस मदतीला असतो. नांगर लागत नाही, पण तो दोर हातात आल्यावर पंखा न्यूट्रलमध्येच. रात्रीचं जेवण तिथेच घ्यायचं, हाच तिथला रिवाज. सोमवारी किओनी, दुपारच्या आत पोचायच्या बेताने लवकर निघून. मंगळवारी वाथी, मोठा आणि सुरक्षित उपसागर, पण आत शिरताना डोंगरावरून झोत येतात, शीड आधीच कमी करा. बुधवार हातचा ठेवा, वाऱ्याने अडवलं तर तो दिवस वापरायचा. गुरुवारी पहाटे निघून फिस्कार्डो. शुक्रवारी सातला निघून इंजिनवर उत्तरेकडे, कारण बहुतेक कंपन्यांना बोट शुक्रवारी संध्याकाळी तळावर परत हवी असते आणि डिझेलच्या पंपावर पाचनंतर रांग लागते.

आणखी दक्षिणेच्या झाकिंथोस बेटापर्यंत खाली जाऊ नका. एका आठवड्यात दोघांना ते परतीच्या वाऱ्याने जड जातं. शिवाय लागानासच्या उपसागरात कासवांसाठी सागरी उद्यान आहे, तिथे एका पट्ट्यात बोटींना बंदी आणि दुसऱ्यात नांगर टाकायला मनाई आहे. नकाशावर ते विभाग नीट बघितल्याशिवाय तिकडे वळू नये.